बॅटिंगवाल्यांचा अंपायर

हारुनचा राग ठरलेल्या पायऱ्यांनी चढायचा, आणि त्या पायऱ्या दुबईतल्या अल क्वोजमधल्या यच्चयावत गोदामांना पाठ होत्या. आधी टोपी डोक्यावरून उतरायची. मग ती वाळूत आपटली जायची. मग उजव्या बुटाने वाळू उडायची, ती नेमकी अंपायरच्या पँटवर. मग त्याचं इंग्रजी संपायचं, पाठोपाठ हिंदी संपायची आणि हर्णै बंदरावरचं जे काही तोंडून बाहेर पडायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी गडी उकिडवा बसायचा आणि जमिनीतली ती पांढरी होम प्लेट वितीने मोजायला लागायचा. का मोजायचा, ते त्याला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही.

एरवी माणूस लाखात एक. स्पेअर पार्ट्सच्या गोदामाचा फोरमन, हाताखाली चाळीस माणसं, आणि आठ वर्षांत एकाला कधी अरे-तुरे केलेलं नाही. कंटेनर तीन दिवस बंदरात अडकला तरी हा आपला ‘इन्शाल्ला येईल’ म्हणून चहा मागवणार. पण शुक्रवारी सकाळी बेसबॉलची टोपी चढवली आणि समोर अंपायर दिसला, की कुठून काय अंगात यायचं कोण जाणे.

बेसबॉल आणि अल क्वोज, हे कसं जमलं, असं विचाराल. एका म्हाताऱ्या अमेरिकन इंजिनिअरने ते खूळ आणलं. त्याच्या कंपनीने सामानासोबत दोन खोकी भरून ग्लोव्ह आणि बॅटी मागवल्या होत्या, आणि त्याच्या ऑफिसात खेळायला चारच माणसं होती. मग त्याने आजूबाजूच्या गोदामांतून माणसं गोळा केली, मागच्या मोकळ्या वाळूत चुना मारला आणि चार टीमची लीग उभी केली. स्वतः अंपायर झाला. आपल्या लोकांना क्रिकेटला जागा मिळत नव्हती, तेव्हा हे तर हे, म्हणून रत्नागिरीचे आणि पुण्या-मुंबईचे मिळून ‘गोदामवाले’ नावाची टीम तयार झाली.

खेळ समजायला सोपा. आलेला चेंडू टोलवायचा, बॅट टाकायची आणि तीन बेस शिवत गोल फिरून जिथून निघालो तिथे, म्हणजे होम प्लेटवर, परत यायचं. आलं की एक रन. वाटेत समोरच्याने चेंडू धरलेला ग्लोव्ह अंगाला लावला की आउट. मात्र ग्लोव्हमध्ये चेंडू पाहिजे. रिकामा ग्लोव्ह शंभरदा लावला तरी आउट नाही. सगळी भांडणं पेटायची ती इथेच.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमध्ये सेमी-फायनलला तेच झालं. हारुन तिसऱ्या बेसवरून धावत घरी आला, होम प्लेटमागे चेंडू धरायला बसणाऱ्या कॅचरने त्याच्या खांद्याला ग्लोव्ह लावला, आणि म्हाताऱ्याने मूठ वर करून सांगितलं, आउट. टोपी उतरली. टोपी आपटली. वाळू उडाली.

“ग्लोव्हमध्ये बॉल नव्हता,” हारुन ओरडत होता. “खाली पडला होता. माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

आता यातली गंमत अशी, की तेव्हा गोदामवाले नऊ-दोन असे पुढे होते. सात रननी. तो एक रन झाला काय नि न झाला काय, कोणाचं काही अडत नव्हतं. पण हे रागाला कोण सांगणार?

हारुनची बायको शहरबानू मैदानाच्या कडेला, व्हॅनच्या उघड्या दारात, मांडीवर स्कोअरबुक घेऊन बसली होती. ती लीगची स्कोअरर. तिने तिथूनच, आवाज न चढवता सांगितलं, “अहो, होता बॉल ग्लोव्हमध्ये. मला इथून दिसला.”

हारुन गर्रकन वळला आणि चार टीमच्या देखत म्हणाला, “तू लिही. लिहिणाराने बोलायचं नसतं.”

म्हाताऱ्याने चेहऱ्यावरचा जाळीचा मास्क काढला, पँटवरची वाळू झटकली, मास्क हारुनच्या हातात ठेवला आणि “यू डू इट” एवढंच बोलून गाडीत बसला. गाडी गेली तरी हारुन मास्क हातात धरून तसाच उभा. उरलेली मॅच अंपायरशिवायच उरकली. शहरबानूने तिचा स्कोअर शेवटच्या रनपर्यंत व्यवस्थित लिहिला, खाली रेघ मारली, वही फिलिपिनो टीमच्या कॅप्टनकडे, रॉमेलकडे, दिली आणि व्हॅनमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसली. रोज ती पुढे बसायची.

घरी पोचेपर्यंत तिने एक शब्द काढला नाही. घरी पोचल्यावर चार काढले. “मी नाही येणार यापुढे.”

“अगं, रागाच्या भरात...”

“पस्तीस दिरहमची टोपी. म्हणजे साडेतीनशे रुपये झाले जवळजवळ. ती तुम्ही दर शुक्रवारी तुडवता आणि मी दर शनिवारी धुते. त्याचं मी कधी काही बोलले का? पण आज तुम्ही मला गप्प केलंत. सगळ्यांसमोर.”



शहरबानू म्हणजे हर्णैच्या लिलावदाराची लेक. कानाशी बंदरभर आरडाओरडा चालू असताना आकडा न चुकता टिपायचा, हे तिने दहाव्या वर्षी शिकून घेतलेलं. दुबईत आल्यावर त्या हुशारीचं करायचं काय? आठवडाभर ती करामाच्या फ्लॅटमधली यम्नाची अम्मी. सकाळी स्कूल बस, दुपारी स्वयंपाक, संध्याकाळी खिडकी. पण शुक्रवारी ती स्कोअरर असायची. व्हॅन कुठे लावायची ते ती सांगायची, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे धूळ डोळ्यांत येत नाही. तिचा आकडा तो आकडा. रॉमेलसारखा बाप्या ‘मॅडम, कितना आउट?’ विचारत धावत यायचा, आणि ती निळ्या पेनाने टिकमार्क करून झाल्यावरच उत्तर द्यायची. पहाटे पाचला उठून ती सांदणांचा डबा भरायची आणि वाटेत दोघं पुढच्या सीटवर बसून कोणाला कितव्या नंबरवर पाठवायचं यावर वाद घालायची. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्यातला सगळ्यात चांगला भाग हा शुक्रवारचा, हे हारुनला पुढच्या शुक्रवारी कळलं, जेव्हा तो एकटा प्रॅक्टिसला गेला.

एकट्याने व्हॅन चालवत तो गेला, कुठेतरी लावली, डोळ्यांत धूळ घेतली, कॅफेटेरियाचा पराठा खाल्ला आणि परत आला. टीममधल्या वलीने वही लिहिली होती. त्यात रन कुठले नि आउट कुठले, ते वलीलाही वाचता येईना. हारुनला त्या दिवशी राग आला नाही, काहीच आलं नाही. नुसतं रितं रितं वाटत राहिलं.

घरी आल्यावर तो यम्नाला म्हणाला, “अम्मीला समजाव ना जरा.”

यम्ना बारा वर्षांची. पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, “जस्ट से सॉरी, अब्बा. इट्स नॉट डिफिकल्ट.”

डिफिकल्ट नव्हतं तर मग त्याला दोन दिवस का लागले? शेवटी रविवारी, शहरबानू मेथी निवडत असताना, तो तिच्यासमोर बसला, स्वतः चार काड्या निवडल्या, त्यातल्या दोन चुकीच्या टाकल्या, आणि म्हणाला, “चुकलो मी. तुला तसं बोलायला नको होतं.”

शहरबानूने त्या दोन काड्या परत उचलल्या. “फायनलला येईन,” ती म्हणाली. “माझी एकच अट. मॅच संपेपर्यंत टोपी डोक्यावर राहिली पाहिजे. एकदा जरी उतरली तर खलास. मग मी वही कायमची रॉमेलला देऊन टाकेन, आणि तुम्ही मनवायला यायचं नाही.”

“नाही उतरणार.”

“बघू.”

पण फायनल होणार तरी कशी? म्हातारा यायला तयार नव्हता. फोनवर फार गोड बोलला, म्हणाला, माझं वय झालं, मला आता शुक्रवारी झोपायचंय. अख्ख्या अल क्वोजमध्ये दुसरा कोणी अंपायर व्हायला राजी होईना, कारण हारुनचं नाव ऐकलं की लोकांना शुक्रवारी मावशीकडे जायचं आठवायचं. फायनल होती फिलिपिनो टीमशी. रॉमेल कॅफेटेरियात चहाचा कागदी कप फिरवत बसला आणि म्हणाला, “नो अंपायर, नो फायनल, हबीबी.”

तिथे सदानंद बसला होता. त्याची ओळख करून द्यायला पाहिजे. हारुनच्याच गोदामात तो कस्टमचे कागद बघायचा. पुण्याचा, हारुनहून पाच वर्षांनी मोठा, चष्म्याला मागून दोरी बांधलेली, आवाज असा की शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये. कधी कोणावर चिडला नाही. तीन वर्षं टीममध्ये होता आणि तीन वर्षांत त्याचा एकही रन झालेला नव्हता. दर वेळी कुठल्या तरी बेसवर बिचारा अडकून पडायचा आणि चष्मा पुसत परत यायचा. तरी दर शुक्रवारी सगळ्यांच्या आधी हजर.

“आमच्या पेठेत एक पद्धत होती,” सदानंद म्हणाला. “बॅटिंगवाल्यांचा अंपायर. ज्यांची बॅटिंग चालू, त्यांचाच एक माणूस अंपायर.”

हारुनने मान डोलावली. “आमच्या हर्णैतसुद्धा तसंच होतं.”

रॉमेलला वाटलं, आपल्याला हिंदी नीट कळली नाही. त्याने दोनदा विचारलं. “मतलब, तुम्हारा बॅटिंग, तुम्हारा ही आदमी आउट देगा? अपने आदमी को?”

“हो ना,” सदानंद शांतपणे म्हणाला. “आपलाच माणूस असला की दुप्पट खरा वागतो. त्याला परत त्याच गल्लीत तोंड दाखवायचं असतं.”

आता हे सदानंद ज्या चेहऱ्याने बोलला, त्याला तोड नाही. कारण गल्लीत वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतं, की बॅटिंगवाल्यांचा अंपायर म्हणजे कसला इरसाल प्राणी. एलबीडब्ल्यू त्याला जन्मात दिसत नाही. रनआउटच्या वेळी त्याच्या डोळ्यात नेमका कचरा जातो. सदानंद ते सगळं गिळून बसला होता, आणि हारुन खाली बघून चहा ढवळत होता. त्यात साखर नव्हती.

रॉमेलने बराच विचार केला. मग हसला. “ओके. लेकिन एक कंडिशन. तुम्हारी बॅटिंग में अंपायर हारुनभाई. मास्क तो उनके पास ही है. अंपायर वो खुद होगा तो झगडा किससे करेगा?”

कॅफेटेरिया खदखदून हसला. हारुनलाही हसावं लागलं. त्याची स्वतःची बॅटिंग आली की तेवढ्यापुरता दुसरा कोणी उभा राहील, एवढं ठरलं. आणखी एक ठरलं. जुम्याच्या नमाजाला सगळ्यांना पोचायचं, तेव्हा जादा इनिंग नाही. बरोबरी झाली तर लीगमध्ये ज्यांचा नंबर वर त्यांचा कप, आणि नंबर वर होता गोदामवाल्यांचा.

फायनलच्या सकाळी शहरबानू पुढच्या सीटवर बसली. डबा मांडीवर, रॉमेलकडून परत आलेली वही डब्यावर. हारुनने टोपी इतकी घट्ट दाबून घातली होती की कपाळावर वळ उठला.

फिलिपिनोंची बॅटिंग आधी. अंपायर रॉमेल. आपण पक्षपाती दिसू नये, या धास्तीने त्या बिचाऱ्याने सुरुवातीलाच आपल्या सख्ख्या मेव्हण्याला आउट दिलं. मेव्हणा जाताना जे बोलला ते कोणाला समजलं नाही, पण त्यानंतर त्याने रॉमेलकडे पाठ करून बसायचं जे ठरवलं ते शेवटपर्यंत.

मग गोदामवाल्यांची बॅटिंग आली. हारुनने टोपी उलटी फिरवली, वरून मास्क चढवला आणि कॅचरच्या मागे जाऊन वाकला. पहिला चेंडू आला आणि गेला. हारुनला कळेचना कुठून गेला. तीन वर्षं त्याला व्हॅनजवळून, दूरच्या बेसवरून, कुठूनही सगळं लख्ख दिसत आलं होतं. इथे चार हातांवर उभं राहून काही म्हणता काही दिसेना. जाळीतून घाम डोळ्यांत उतरत होता, कॅचरचं डोकं मध्ये येत होतं, आणि चेंडू ग्लोव्हमध्ये थाडकन वाजला की सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं. बोल. लगेच बोल.

“स्ट्राइक,” तो म्हणाला, म्हणजे टोलवण्याजोगा चेंडू वाया घालवला, आणि असे तीन झाले की आउट.

“हारुनभाई,” बॅट धरलेला वली मागे वळून कुजबुजला, “आपल्यातलेच ना तुम्ही?”

“पुढे बघ.”

दुसऱ्या इनिंगला त्याने स्वतःच्या दोन माणसांना आउट दिलं. एकाने बॅट आपटली. तिसऱ्या इनिंगला एकाने वाळू उडवली, आणि ती हारुनच्या पँटवर आली. इस्त्रीची पँट. हारुनने खाली बघितलं. म्हातारा अमेरिकन तीन वर्षं काय झटकत होता, ते त्याला तेव्हा पुरतं उमगलं आणि मनातून लाज वाटली. हात सवयीने टोपीकडे चालला होता. तो त्याने कमरेवर ठेवला आणि व्हॅनकडे बघितलं. शहरबानू निळ्या पेनाने टिकमार्क करत होती. तिने वर बघितलं नाही, पण बघत होती.

शेवटची इनिंग आली तेव्हा साडेअकरा होत आले होते. फिलिपिनोंचे सात रन, गोदामवाल्यांचे सहा. दोन आउट झालेले, तिसरा झाला की संपलं. बॅटिंगला वली. आणि तिसऱ्या बेसवर, कसा कोण जाणे, पोचला होता सदानंद. त्याला एकदा फुकटचा बेस मिळाला, पुढे दुसऱ्यांच्या धक्क्याने सरकत सरकत तो तिथवर आला होता. आता घर तीस पावलांवर. तो आला की बरोबरी, बरोबरी म्हणजे कप. आणि सदानंदचा तीन वर्षांतला पहिला रन.

“सदाभाऊ, बघत राहा,” कोणीतरी ओरडलं. सदानंदने चष्म्याची दोरी घट्ट केली.

वलीने चेंडू टोलवला. मोठा नाही, सरपटत गेला, पण दोघांच्या मधून. सदानंद निघाला. तो माणूस धावताना कोणी बघितला नव्हता, कारण तो नेहमी झपाझप चालायचा. आज तो धावत होता, कोपरं बाहेर, पोट पुढे, तोंड उघडं. चेंडू मागून फेकला गेला. कॅचरने प्लेटच्या पुढे येऊन तो धरला आणि वळला. तेवढ्यात सदानंदने, वय वर्षं सत्तेचाळीस, स्वतःला जमिनीवर झोकून दिलं.

धूळ उठली. अशी उठली की प्लेट, कॅचर, सदानंद सगळं तिच्यात नाहीसं झालं. हारुनने डोळे ताणले. एक बूट दिसला, एक कोपर दिसलं, मग काहीच दिसलं नाही. धूळ खाली बसली तेव्हा सदानंद प्लेटवर आडवा होता, कॅचर त्याच्यावर पालथा होता आणि कॅचरचा चेंडू धरलेला हात वर होता.

आता बोल.

दोन्ही बाजू ओरडत होत्या. त्याने काही बघितलं नव्हतं, आणि ते सांगायची अंपायरला सोय नव्हती. सेफ म्हणायला जीभ शिवशिवत होती. सदाभाऊंचा पहिला रन, वर कप. पण सेफ म्हटलं, की फिलिपिनो काय म्हणतील? बॅटिंगवाल्यांचा अंपायर म्हणतील. कॅचरच्या हातात चेंडू दिसतोय, सगळ्या मैदानाला दिसतोय.

त्याने मूठ वर केली. “आउट.”

फिलिपिनो नाचायला लागले. सदानंद उठला. चष्मा एका कानाला लोंबत होता, शर्टाचं एक बटण गेलं होतं. त्याने हारुनकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

हारुनला वाटलं, गरम होत असेल.

सदानंदने टोपी वाळूत आपटली. मग उजव्या बुटाने वाळू उडवली, हारुनच्या पँटवर. “आउट?” सदानंद ओरडला, आणि तो आवाज इतका मोठा होता की नाचणारे फिलिपिनो थांबले. “कुठून आउट? डोळे आहेत का बटणं? आठ वर्षं एका टेबलावर जेवतोय तुझ्यासोबत, आणि आउट देतोस मला?” त्यानंतर तो पेठेतल्या भाषेत शिरला. तिच्यात शिवी एक नव्हती, पण ती ऐकवत नव्हती. बोलून झाल्यावर तो उकिडवा बसला आणि होम प्लेट वितीने मोजायला लागला.

सगळं मैदान हारुनकडे बघत होतं. नियमाप्रमाणे अंपायरने अशा माणसाला मैदानाबाहेर काढायचं असतं. हारुनने मास्क काढला. टोपी डोक्यावरच होती. तो सदानंदसमोर वाकला आणि हळूच म्हणाला, “सदाभाऊ, मोजून झालं की पाणी प्या.”

पहिल्यांदा रॉमेल हसला. मग पाठ करून बसलेला त्याचा मेव्हणा हसला. मग सगळेच.

कप फिलिपिनोंनी नेला, जाताना सांदणांचा अर्धा डबाही नेला. वली आणि बाकीचे हारुनशी बोलत नव्हते, पण तेही खाताना बोलायला लागले. शहरबानूने खाली रेघ मारली आणि वही मिटली. वही तिने रॉमेलला दिली नाही, काखेत धरली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. हारुनला एवढा आनंद कपाने झाला नसता.

सदानंद करामालाच राहायचा, तो मागे बसला. मैदान मागे पडलं आणि हायवे आला तेव्हा तो खाकरला. त्याचा आवाज परत नेहमीसारखा, शेजारच्याला ऐकू न येणारा झाला होता.

“हारुन, एक सांगू? ग्लोव्ह लागला होता मला. पोटाला. चांगला जोरात लागला.”

हारुनने आरशातून बघितलं. “मग एवढा तमाशा कशाला केलात?”

“तीन वर्षं तुझं बघतोय. एकदा आपणही करून बघावं, असं फार दिवस मनात होतं.” सदानंदने चष्मा पुसला. “बरं वाटतं रे. एकदम मोकळं. प्लेट मोजायचं कारणसुद्धा आज कळलं. पुढे काय करायचं ते सुचत नाही, म्हणून मोजतो माणूस.”

हारुन हसला. मग त्यालाही राहवलं नाही. “आता मीही सांगतो. मला काही दिसलं नव्हतं. धूळच धूळ. अंदाजाने दिला आउट. पण बरोबर निघाला. ग्लोव्ह लागला होता ना?”

“लागला होता,” सदानंद म्हणाला.

शहरबानू डब्याचं झाकण बसवत होती. ती म्हणाली, “ग्लोव्ह लागला. पण बॉल त्यात नव्हता.”

हारुनने आरसा सोडून तिच्याकडे बघितलं.

“धडक बसली तेव्हाच तो निसटला आणि सदाभाऊंच्या पाठीमागे पडला,” शहरबानू सांगत होती. “कॅचरने धुळीत चाचपून उचलला आणि मग हात वर केला. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला होते, मला लख्ख दिसलं. सदाभाऊ तोवर प्लेटवर पोचले होते. सेफ होते.”

“सेफ?” सदानंद मागून अगदी बारीक आवाजात म्हणाला. “म्हणजे माझा रन झाला होता?”

“झाला होता.”

“मग कप...” हारुनचा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि मागची गाडी हॉर्न देत निघून गेली. “अगं, मग तू वहीत काय लिहिलंस?”

“आउट.”

“सेफ होते ना? मग आउट का लिहिलंस?”

“अंपायर आउट म्हणाला म्हणून.” शहरबानूने डबा पायाशी ठेवला. “अंपायर म्हणेल ते लिहायचं. लिहिणाराने बोलायचं नसतं.”

हारुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिडायचं कोणावर? म्हातारा अमेरिकन घरी झोपला होता. कॅचर कप घेऊन गेला होता. सदाभाऊ मागे बसून डोळे मिटून हसत होते, आयुष्यातला पहिला रन मनातल्या मनात परत परत धावत होते. राहता राहिला एक अंपायर, आणि तो व्हॅन चालवत होता. हारुनचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि वर, टोपीकडे गेला.

शहरबानू त्या हाताकडे बघत होती.

मॅच संपली होती. तसं बघितलं तर अटही संपली होती. हाताने टोपीची कड धरली, जराशी उचलली, मग परत खाली दाबून नीट बसवली आणि तो स्टिअरिंगवर परत आला.

“मला माहीत असतं तर सेफ दिलं असतं,” हारुन म्हणाला. “पुढच्या वेळी दिसलं तर सांग.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

शहरबानूने वही उघडून निळं पेन कागदावर घासून बघितलं. “शाई संपत आली,” ती म्हणाली. “पुढच्या शुक्रवारच्या आत नवीन आणा.”